बंद पिशवीतली डोरली

वहिनी, त्या पिशव्यांना मी हात लावला होता.

गच्चीवरच्या डोरलीच्या फुलांना तुम्ही मलमलच्या पांढऱ्या पिशव्या बांधल्या होत्या, त्या. तुम्ही पेपर तपासायला शाळेत गेला होता आणि दादा खाली रात्रपाळीची झोप काढत होता. गच्चीवर मी एकटाच. पुढे त्या पिशव्यांमध्ये फळं धरली आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "माझं चुकलं." तुमचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं, आणि मी तुमच्या शेजारी उभा राहून पेढा खात होतो.

हे सांगायलाच मी कितीदा उल्हासनगरहून बेलवलीला आलो. जिना चढेपर्यंत वाक्य जुळवलेलं असायचं. मग तुम्ही दार उघडायचात, "भाऊजी, बरं झालं आलात, हे बघा," म्हणून डोरलीचं काहीतरी नवीन काढायचात, आणि मी त्यातच रमायचो. घरी पोचल्यावर सुजाता विचारायची, "सांगितलंत का ताईंना?" मी हात धुवायला मोरीत जायचो.

आत्ता तुम्ही असता तर म्हणाला असता, "असं मधूनच नको. सुरुवातीपासून सांगा, मागच्या बाकावरच्यालाही कळलं पाहिजे." तर सुरुवातीपासून सांगतो.

तावलीच्या डोंगरावर आपण चौघं गेलो होतो. दादाला कंपनीची सुट्टी, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद, सुजाताने भाकऱ्या बांधून घेतलेल्या. अर्ध्या चढावर तुम्ही वाट सोडून झुडपात शिरलात आणि ओरडलात. मला वाटलं साप निघाला. साप नव्हता, डोरली होती. कमरेएवढं झुडूप, खोडाला काटे, पानांच्या शिरांनासुद्धा काटे, आणि फांदीफांदीवर बोराएवढ्या फळांचे घोस. काही हिरवी, पांढरट रेघांची, काही पिकून केशरी झालेली. "ही वांग्याची रानातली बहीण," तुम्ही म्हणालात. "बटाटा, टोमॅटो, मिरची, सगळे हिचेच नातेवाईक." आणि एक फळ फोडून माझ्या जिभेला लावलंत. कडू म्हणजे किती कडू! माझं तोंड बघून सुजाता म्हणाली, "ताई, चांगल्या घरातसुद्धा एखादा असा निघतोच." मग तुम्ही दोघी माझ्याकडे बघून हसत बसलात.

उतरताना तुमच्या पिशवीत एक रोप होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. दादा म्हणाला, "लोक डोंगरावरून करवंदं आणतात. आमची ही काटे आणते."

गच्चीवरच्या पिंपात डोरली फोफावली. फुलं तर इतकी आली की आजूबाजूच्या बायका बघायला यायच्या. फिकट जांभळी, चांदणीसारखी, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा शंकू. पण दोन-तीन दिवस टिकायची आणि देठासकट गळून जायची. फळ म्हणून नाही. मी म्हटलं, "हिला बेलवलीचं पाणी मानवलं नाही." तुम्ही म्हणालात, "पाणी मानवलंय. डोंगरावर हिच्याकडे कुणीतरी येत असणार, ते इथे येत नाही." एवढ्यावर न थांबता तुम्ही मांडववाल्याकडून वाळलेल्या बांबूचे तुकडे आणलेत आणि गच्चीच्या कठड्याला आडवे बांधलेत. काळा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो, आधी त्याची राहायची सोय करू, असं तुमचं म्हणणं. दादा वैतागला. "लोक विचारतात, कुणाच्या लग्नाचा मांडव आहे?"

सव्वीस जुलैचा पूर आला ते हेच वर्ष. पाणी ओसरलं, चिखल निघाला, आणि पावसाच्या शेवटी शेवटी एकदा तुमचा दुकानावर फोन आला.

"भाऊजी, आला! शटर खाली ओढा आणि या."

"वहिनी, समोर गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक उद्याही येईल. भुंग्याचं काय सांगता येतंय?"

मी शटर ओढलं. शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा सिंधी शेठ बाहेर आला. "क्या हुआ साईं? घर में सब ठीक?" मी म्हटलं, "भाभी के यहाँ भँवरा आया है." तो म्हणाला, "तो तेरा भाई देख लेगा ना, तू धंदा क्यों बंद करता है?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होता.

पण त्या दिवशी गच्चीवर पोचलो तेव्हा तुम्ही ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलंत. भुंगा फुलांमधून हिंडत होता, जाडजूड, निळसर काळा, पंख चकाकणारे. उडताना त्याचा आवाज खर्जातला, पंख्यासारखा. मग तो एका फुलाला खालून लटकला, पिवळा शंकू पायांनी घट्ट धरला, पंख मिटले, आणि आवाज एकदम बदलला. बारीक झाला, वर चढला. झ्झ्झ! पंख हलत नाहीत आणि अख्खं फूल थरथरतंय. आणि फुलातून, वहिनी, पिवळा धूर निघाला! चिमूटभर धूर, थेट त्याच्या पोटावर.

मी ओरडलोच, "वहिनी, हा व्हायब्रेट होतोय!"

"हळू," तुम्ही म्हणालात. "तुमचे मोबाईल आत्ता आले. ह्यांचं हे कधीपासून चाललंय. आणि 'हा' नाही, 'ही'. पिल्लांसाठी पराग गोळा करते आहे. घरातली कामं कोण करतं?"

नंतर तुम्ही फूल तोडून, भिंग देऊन मला बघायला लावलंत. बाकीच्या फुलांचे पुंकेसर उभे उलतात आणि पराग बाहेर पडतात. डोरलीचे उलत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला दोन बारीक भोकं, बस. आतले पराग कोरडे, भुरभुरीत, मिठाच्या डबीतल्या मिठासारखे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. मध तर ह्या फुलात नाहीच. तेवढ्यात एक मधमाशी आली, फुलावर चाचपडली, आणि निघून गेली. "तिला हे हलवणं जमत नाही," तुम्ही म्हणालात. "बिचारीकडे व्हायब्रेटर नाही."

मी तोपर्यंत आयुष्यात एकाही फुलाच्या आत बघितलं नव्हतं. टेपरेकॉर्डर, रेडिओ, मग मोबाईल, ह्यांच्या पोटात डोकं घालून बसण्यात माझी चाळिशी आली. मला कुणी काही शिकवेल असं वाटायचे दिवस गेले होते. तुम्ही माझ्या हातात भिंग दिलंत आणि मी परत शाळेत गेलो, वहिनी. तेही आनंदाने. शाळेत असताना कधी गेलो नव्हतो तसा.

आपलं भांडण लागलं ते आखूड काडीच्या फुलांवरून. तुम्ही एका घोसातली सगळी फुलं ओळीने मांडलीत. बुडाकडच्या फुलांच्या मधली काडी लांब, पुंकेसरांच्या शंकूतून बाहेर डोकावणारी. फळ धरायचं ते ह्यांच्यातच. टोकाकडच्या फुलांची काडी आखूड, आतच दडलेली. ती कधीच फळत नाहीत. मी म्हटलं, "मग हा खराब निघालेला माल. झाडाने उगाच बनवली."

तुम्ही चिडलात. "उगाच काही नाही. भुंगी लांबून घोस बघते तो ह्यांच्यामुळे मोठा दिसतो. पराग ह्यांच्यातही तेवढेच. ह्यांचे पराग दुसऱ्या झाडाच्या फळात जातात. फळ आपल्या देठाला लागलं नाही म्हणजे काही केलंच नाही, असं असतं का?"

सुजाता तेव्हा पापड उलटत होती. तिचा हात थांबला. आम्हाला मूल नाही ह्यावरून त्याच आठवड्यात पालेगावच्या मावशीने तिला चारचौघांत बोल लावले होते. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याशी फुलावरच भांडत राहिलात. पण घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "ताई फुलाबद्दलच बोलत होत्या ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "असू दे. मला चाललं." त्या दिवसापासून ती मावशीला घाबरेनाशी झाली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि फुलांच्या बाबतीत मी तेव्हा हरलो नव्हतो हेही सांगायचंय. झाड एवढी शक्ती खर्च करून ती फुलं काढतं, तर सगळीच लांब काडीची का काढत नाही? तुमचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.

आता पेनाकडे येतो.

पुरानंतर माझ्या दुकानात बुडालेल्या हँडसेटचा ढीग लागला होता. बहुतेक मेलेलेच. पण त्यांच्यातल्या व्हायब्रेटरच्या मोटरी कित्येकदा जिवंत निघायच्या. शेंगदाण्याएवढी मोटर, दांड्याला एका बाजूला जड असलेला धातूचा तुकडा. फिरली की तोल जातो आणि सगळा फोन थरथरतो. मी एक मोटर सुटी करून सेल लावून बघितली आणि हातातच भुंगा धरल्यासारखं वाटलं! मग रिकाम्या बॉलपेनात ती बसवली, मागे पेन्सिल सेल, वायरी सोल्डर केल्या, पेनाच्या खटक्यालाच बटण केलं. पुढे रिफिल. खटका दाबला की रिफिलचं टोक थरथरायचं. शेठ म्हणाला, "ये किस कंपनी का है? मैं सौ पीस लेता हूँ." मी म्हटलं, "ये फूल के लिए है." त्याने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला.

रविवारी सकाळीच ते खिशात घालून मी तुमच्याकडे आलो. तुम्ही नाही. दादाने अर्धवट झोपेत दार उघडलं, "वर जा, चहा नंतर," म्हणाला आणि परत आडवा झाला. मी गच्चीवर गेलो. थांबायला हवं होतं. पण माझ्याच्याने थांबवेना. उघड्या फुलांवर भुंगी येऊन गेलेली, त्यांच्यातले पराग संपलेले. पेन लावलं तर काहीच पडेना. आणि काही घोसांवर मलमलच्या पिशव्या. मामाकडे देशावर डाळिंबांना कीड लागू नये म्हणून पिशव्या बांधतात, तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं. देवाशप्पथ म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, तेव्हा नुसतंच सांगतो, मला खरंच तसं वाटलं. पिशवीतली फुलं ताजी होती, कुणी न शिवलेली. मी बाहेरूनच देठाला पेन टेकवलं आणि खटका दाबला.

वहिनी, काय सांगू! पातळ मलमलीच्या आत पिवळा धूर उडाला. मी एकटाच हसलो, एकटाच टाळी वाजवली. मग दुसरी पिशवी, तिसरी. एकही सोडली नाही. दुपारपर्यंत थांबलो, तुम्ही आला नाहीत. दुकानावर एक गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून निघालो. पुढच्या रविवारी दाखवू म्हटलं.

पुढच्या रविवारी दार उघडल्या उघडल्या तुम्ही म्हणालात, "भाऊजी, माझी पैज सपशेल गेली!"

तेव्हा मला सगळं समजलं. तुमच्या शाळेतल्या सोनावणे सरांशी तुमचा स्टाफरूममध्ये वाद झाला होता. ते म्हणत, एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही आहेत, फूल खाली लटकतंय, पराग आपोआप काडीवर पडणार, भुंगा हवा कशाला? गच्चीवर फळं धरायला लागली ती झाड रुळलं म्हणून. तुम्ही म्हणत होता, हलवल्याशिवाय नाही. मग ठरलं, काही घोस कळीतच पिशवीत बंद करायचे. आत किडा-मुंगी जाणार नाही. पिशवीत फळं धरली तर सर बरोबर, नाही धरली तर तुम्ही.

आणि पिशव्यांच्या आत हिरव्या हिरव्या गोळ्या धरलेल्या.

त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं? तुम्ही माझा कान धरला असता, नव्या पिशव्या बांधल्या असत्या, संपलं असतं. पण तुमचा चेहरा असा उजळला होता! हरल्याचं दुःख नावाला नाही. "बघा ना," तुम्ही सांगत होता, "मला किती खात्री होती. आणि झाडाने सरळ नाही म्हणून सांगितलं. काय मजा आहे!" सोनावणे सर तिथेच खुर्चीत होते, तुम्ही आणलेले पेढे खात. एक पेढा तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. खिशात पेन होतं. मी त्यावर हात ठेवला आणि पेढा तोंडात टाकला.

ते पेन परत बाहेर काढताच आलं नाही. ते बघितलं असतं तर तुम्ही एका मिनिटात सगळं ओळखलं असतं. आयुष्यात मी एकच वस्तू स्वतःच्या डोक्याने बनवली, ती एकाच माणसाला दाखवायची होती, आणि नेमकी तुमच्यापासून लपवावी लागली. दुकानाच्या खणात ते तसंच पडून राहिलं.

मला वाटलं, एका झाडाची गोष्ट आहे, विसरली जाईल. पण तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात मी माईक लावायला आलो होतो तेव्हा तुम्ही मुलांसमोर उभ्या राहिलात. "मी तुमची बाई. मला पूर्ण खात्री होती. पिशवी उघडली तर आत फळं. मग मी काय केलं?" सगळी मुलं एका सुरात ओरडली, "माझं चुकलं म्हणालात!" म्हणजे हा धडा त्यांना पाठ होता. दरवर्षीचा होता. "नुसतं सॉरी म्हणाले का?" "नाही!" "नुसतं सॉरी म्हणजे फळा पुसायचं फडकं. काय चुकलं ते सांगायचं, आणि बरोबर काय तेही सांगायचं. मी सांगितलं, डोरलीला भुंगा लागत नाही, सोनावणे सर बरोबर." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वायर हातात धरून कोपऱ्यात उभा. तुमच्या तोंडून मुलं खोटं शिकत होती आणि ते खोटं मी तुमच्या तोंडात घातलं होतं. तुमचा सगळ्यात लाडका धडा माझ्यामुळे पोकळ होता. तो मोडायचा कसा, ह्या विचारातच वर्षं गेली.

मग तुमचं आजारपण. जिना चढणं बंद झालं. जुनी डोरली केव्हाच वाळली होती, पण बुलबुलांनी तिची फळं खाऊन पाण्याच्या टाकीमागे बी टाकलेलं, तिथे नवी उगवली होती. मी तिची फुलं तोडून तुमच्या पलंगापाशी आणायचो. एकदा म्हटलं, "वहिनी, परत पिशव्या बांधू का?"

"आता कशाला? निकाल लागलाय की."

"मला शिकायचंय."

तुम्ही उठून बसलात. अंगात त्राण नव्हतं, तरी सूचनांवर सूचना. "कळीतच बांधा. उमललं फूल चालणार नाही. दोरा देठाला काचू देऊ नका. तेवढीच फुलं उघडी ठेवून त्यांना खूण करा. आणि भाऊजी, मधे मधे डोकावायचं नाही, हात लावायचा नाही!"

"वहिनी, त्या वेळी ना," मी सुरू केलं.

"त्या वेळी मीही सारखी डोकावत होते," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. दमला होता. मी ठरवलं की पिशव्या उघडू त्या दिवशी, तुमच्या समोर, पेन हातात देऊन सांगू.

तुम्ही तेवढं थांबला नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बिल्डिंगच्या गच्चीवरच ठेवला होता. मांडव घातलेला, तुमचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. त्रिशरण-पंचशील झालं आणि आदरांजलीची भाषणं सुरू झाली. टाकीमागे डोरली फुललेली, पिशव्या तशाच बांधलेल्या. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. खिशात पेन होतं. का घेऊन आलो होतो, खरं म्हणजे माझं मलाच माहीत नव्हतं.

सोनावणे सर उठले. आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. मॅडम हरल्या, स्वतः पेढे घेऊन आल्या, अशी बाई पुन्हा होणे नाही. लोक डोळे पुसत होते. दादा मान खाली घालून रडत होता. सुजाताने माझ्याकडे बघितलं.

मी उठलो. माईक घेतला नाही. म्हटलं, "सर, मॅडम हरल्या नव्हत्या. त्या पिशव्यांना मी हात लावला होता."

दादाने वर बघितलं. "काय बोलतोयस?"

मी सगळं सांगितलं. पेन, मोटर, रविवार, पेढा. सर म्हणाले, "असं पेन लावून पराग पडतात?" आवाजात राग होता की काय, मला समजेना. मी डोरलीपाशी गेलो. एक उघडं, ताजं फूल बघितलं, खाली माझा काळा मोबाईल धरला, देठाला पेन टेकवलं. तुम्हाला दाखवायचं म्हणून सेल नवा घातला होता, पण मोटर इतक्या वर्षांनी चालेल का? खटका दाबला. झ्झ्झ! काळ्या मोबाईलवर पिवळी भुकटी सांडली. तुमच्या शाळेतल्या मुली खुर्च्या सोडून धावत आल्या. "सर, परत! परत करा ना!" अहो वहिनी, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणालं, आणि तेही तुमच्या फोटोसमोर.

सोनावणे सर वाकून भुकटी बघत होते. मग पिशव्यांकडे बघून म्हणाले, "आणि ह्या?"

"वहिनींनीच बांधायला लावल्या. ह्यांना कुणीच हात लावलेला नाही."

"आत काय आहे?"

"माहीत नाही. उघडल्या नाहीत अजून."

सर दादाकडे वळले. दादा खुर्चीतून उठला, डोळे पुसले, म्हणाला, "उघड. ती असती तर एवढा वेळ थांबली नसती."

पहिली पिशवी सरांनी स्वतः सोडली. आत गळून वाळलेली फुलं, आणि काही नाही. दुसरी, तेच. तिसरी, तेच. मुली प्रत्येक पिशवीला "नाही!" म्हणून ओरडत होत्या, आवाज वाढत चालला होता, लोक खुर्च्यांवरून उठून टाकीपाशी जमले होते. खूण केलेल्या उघड्या घोसांवर फळं लगडलेली, सगळ्यांना दिसत होती. शेवटच्या पिशवीत मात्र एक मुलगी ओरडली, "आहे!" एक फळ. एकच, हिरवं, रेघांचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ह्याला मी नाही हात लावला. खरंच नाही." आणि भर पुण्यानुमोदनात लोक हसले. वाऱ्याने हललं असेल, एखादी मुंगी शिरली असेल, की तुमचे सोनावणे सर थोडेसे बरोबर असतील? तुम्ही असता तर त्या एका फळावरून महिनाभर झोपला नसता.

सर पाठ ताठ करत उभे राहिले. "म्हणजे मी मॅडमचे पेढे फुकट खाल्ले," ते म्हणाले. "आता हे मुलांना सांगावं लागेल. मलाच सांगावं लागेल." दादा माझ्याजवळ आला. मला वाटलं, बोलेल काहीतरी. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं, खटका दाबून बघितला, थरथर हातात धरून ठेवली. "आधी हसली असती," तो म्हणाला, "मग तुझा कान धरला असता. जा, सांग तिला."

मी फोटोपुढे आलो. सॉरी म्हणालो नाही. तुम्हाला ते चालत नव्हतं. तुमच्या पद्धतीने, मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो:

"वहिनी, माझं चुकलं. तुम्ही बांधून ठेवलेली फुलं मी हलवली, आणि फळं धरल्यावर गप्प बसलो. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं. डोरलीचं फूल आपणहून पराग सोडत नाही, कुणीतरी येऊन त्याला हलवावं लागतं. एका पिशवीत एक फळ धरलंय. ते कसं, मला माहीत नाही. मी परत पिशव्या बांधतो आणि शोधून सांगतो."